जिन्याच्या वळणावरचं टेबल

वासंतीबाई मेहेंदळे रोज कोथरूडहून शनिवार पेठेत कामाला येतात आणि आठवड्यातून एकदा तरी डेक्कनला उतरायचं विसरून थेट शेवटच्या थांब्याला, मनपाला, जाऊन पोचतात. चोवीस वर्षं हे चाललं आहे. बस तीच, थांबा तोच, खिडकीसुद्धा शक्यतो तीच; पण पौड फाटा मागे पडला की बाईंची तंद्री लागते आणि मग डेक्कन आलं काय नि गेलं काय. एक कंडक्टर आता ओळखीचा झाला आहे. मनपाला गाडी रिकामी झाली की तो शांतपणे विचारतो, "बाई, आम्ही आता चहाला चाललोय. तुम्हाला यायचंय का?" बाई ओशाळतात, पर्स सावरत उतरतात आणि पुलावरून चालत शनिवार पेठेकडे येतात.

त्यांना झोप लागलेली नसते. त्यांना बोलणी ऐकू येत असतात. ऐकून कुणी लगेच डोळे मोठे करू नयेत; बाईंचं डोकं पुण्यातल्या पुष्कळ लोकांपेक्षा ठिकाणावर आहे. ही बोलणी खरोखरच कुणी तरी, कधी तरी त्यांच्यासमोर बसून बोललेली असतात. 'त्यांची खिडकी उत्तरेला असती तर मी भांडलोच नसतो हो.' 'लग्नाला सगळ्यांनी या असं लिहा, पण मामांचं नाव वेगळं घाला, ते रुसतात.' 'मी राजीनामा देतोय, पण रागावलेलो नाही, हे कसं लिहितात?' माणसांचे चेहरे बाईंना आठवत नाहीत. वाक्यं तेवढी राहिली आहेत. सकाळचं ऊन बसच्या काचेतून मांडीवर येतं, हळूहळू गुडघ्याकडे सरकतं, आणि त्या उन्हात ही वाक्यं एकामागून एक येऊन बसतात. मग उतरायचं कुणाच्या लक्षात राहणार?

ही सगळी वाक्यं एका टेबलावरची आहेत, आणि गोष्ट त्या टेबलाचीच आहे.

शनिवार पेठेत एका छत्री दुरुस्तीच्या दुकानाच्या वर लेखनकौशल्य मंडळ नावाची जुनी संस्था आहे. तिथे व्यावसायिक लेखनाची एक वर्षाची पदविका मिळते. व्यावसायिक लेखन म्हणजे कथा-कविता नव्हेत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, आणि दरवर्षी दोघं-तिघं ते ऐकून तिथूनच परत फिरतात. अर्ज, अहवाल, निवेदनं, माहितीपत्रकं, आमंत्रणं, शोकसंदेश, यंत्राबरोबर येणाऱ्या सूचना: जे लिहिल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ते सगळं इथे शिकवतात. बत्तिसाव्या वर्षी बाई इथे लागल्या, आता छप्पन्न पूर्ण होतील.

मंडळाच्या लाकडी जिन्याला मध्येच एक रुंद वळण आहे. तिथे एक खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलाच्या एका बाजूला हातांची ऐसपैस खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला स्टूल. खुर्ची सांगणाऱ्याची, स्टूल लिहिणाऱ्याचं. भिंतीवर पाटी आहे: 'येथे आपले म्हणणे लिहून मिळेल. वेळ दुपारी तीन ते पाच. ज्यांना घाई आहे त्यांनी स्वतः लिहावे.' पाटी बाईंनीच लिहिली आहे आणि तिच्याबद्दल आजवर तिघांनी तक्रार केली आहे. तिघांच्याही तक्रारी त्याच टेबलावर लिहून मिळाल्या.

टेबल मुळात ठरवून मांडलेलंच नव्हतं. बाई नोकरीला नव्या असताना, वर उकडतं म्हणून वळणावर टेबल ओढून तिथे वह्या तपासत बसत. एका दुपारी कोंडीराम नावाचा माणूस जिना चढून आला. कात्रजच्या पलीकडच्या वाडीतला, शहरात भाजी घालायला आलेला. त्याला वाटलं, या बाई अर्ज लिहून देणाऱ्या.

"अर्ज लिवायचा हाय," तो म्हणाला. "लेकीला शाळेतनं तीन दिस सुट्टी पायजे. गावाला जत्रा हाय."

बाईंनी दोन मिनिटांत लिहून दिला. त्याने तो घडी करून टोपीत ठेवला आणि चार पायऱ्या उतरून गेला. मग थांबला. मागे न वळता म्हणाला, "आनि बाई, त्यात आसंबी लिवता आलं तर बगा. लेक वर्गात बोलत न्हाय म्हून गुरुजी तिला मागं बसवत्यात. ती मुकी न्हाय. इचारल्यावर बोलती. जरा येळ लागतो, येवडंच."

बाईंनी त्याला वर बोलावलं, टोपीतला अर्ज परत घेऊन फाडला आणि नवा लिहायला घेतला. त्या दिवशी त्यांना कळलं की माणूस खुर्चीत बसून बोलतो ते निमित्त असतं. खरं बोलणं जिन्यात होतं. कोंडीरामने दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघांना पाठवलं, त्यांनी चौघांना, आणि बघता बघता टेबल अभ्यासक्रमात शिरलं. पुढे तर पहिलं अर्धं वर्ष विद्यार्थ्यांनी फक्त तिथेच बसायचं असं ठरलं. निबंध नाही, टिपणं नाही. पेनाला टोपण लावून ते टेबलावर आडवं ठेवायचं आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं. तो थांबला की विचारायचं, "आणखी काही?" आणि मग गप्प बसायचं. किती वेळ, हे नव्या मुलांना कळत नसे, म्हणून बाई त्यांना मनात वीसपर्यंत आकडे मोजायला सांगत. त्या गप्प बसण्यात माणूस न उठता जिन्यापर्यंत जाऊन येत असे. मग सगळं त्याला तोंडी परत सांगायचं. तो "असंच" म्हणाला की पेनाचं टोपण काढायचं. त्याआधी नाही.

आमोद हा बाईंचा पंधरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून आलेला, सतत घड्याळाकडे बघणारा पोरगा. त्याच्या समोर एकदा गोदाबाई येऊन बसली. मंडळाच्या बोळाच्या तोंडाशी ती फुलांच्या पुड्या विकत असे. नवरा वारून दोन महिने झाले होते.

"रेशनकार्डावरनं मालकांचं नाव कमी करायचं," ती म्हणाली. कार्ड, दाखला सगळं तिने बरोबर आणलं होतं. आमोदने ऐकलं. बाई मागे उभ्या होत्या म्हणूनच केवळ, त्याने विचारलं, "आणखी काही?"

गोदाबाई बोटांत दोरा गुंडाळत बसली. खाली दुकानात कुणी तरी छत्री उघडून मिटली. वीस होऊन गेले असतील, चाळीसही झाले असतील. मग ती म्हणाली, "कमी करा. पन आसं लिवा, का कमी करताना वाईट वाटतंय."

आमोदने वळून बाईंकडे पाहिलं. सरकारी अर्जात असलं काही लिहीत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसेना. तेव्हा त्याने लिहिलं: 'सदर नाव कमी करावे, ही विनंती. नाव कमी करताना मला वाईट वाटत आहे.' वाचून दाखवताना दुसऱ्या वाक्यावर त्याचा आवाज अडकला. गोदाबाई म्हणाली, "आसंच." त्यानंतर आमोद टेबलाशी बसताना घड्याळ काढून खिशात ठेवायला लागला.

हाच आमोद पुढे एका मोठ्या कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होता, जी कुणीच वाचत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी मंडळाचा प्रमुख होऊन परत आला. बाईंना त्या वेळी इतका आनंद झाला होता की त्यांनी श्रीखंड करून आणलं होतं.

यंदा फेब्रुवारीत एका मंगळवारी त्याने बाईंना खोलीत बोलावलं. लॅपटॉपवर एक तक्ता होता. चौकटीच चौकटी. बाईंना तो समोरच्या इमारतीच्या खिडक्यांसारखा दिसला आणि क्षणभर त्या कुठल्या खिडकीत कोण दिसतंय ते शोधत बसल्या.

"बाई, ऐकताय ना?" आमोद म्हणाला. "आपल्याला सगळं स्ट्रक्चर बदलावं लागणार आहे. यंदा अकरा जण आहेत. पुढच्या वर्षी सात येतील. अख्खं वर्ष आता कोणी देत नाही. तीन-तीन महिन्यांचे चार घटक करायचे. कुठलाही आधी घ्या, कुठलाही नंतर. नोकरी सांभाळून करता येईल. प्रत्येकाला श्रेयांक मिळतील, ते पुढे कॉलेजात धरले जातील. हे केलं नाही तर मान्यता जाईल, आणि मग काहीच उरणार नाही."

"आणि टेबल?"

"टेबल कुठे बसवू ते सांगा. मान्यता देणाऱ्या ऑफिसचा फॉर्म आहे. तासांचा रकाना भरता येतो. मूल्यमापनाचा येत नाही. ऐकण्याला किती मार्क द्यायचे? त्यांना वाटतं, आपण अर्धं वर्ष मुलांना नुसतं बसवून ठेवतो."

आमोदच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. चूक असती तर दोन शब्द सुनवता आले असते.

"आराखडा तुम्हीच लिहा," आमोद म्हणाला. "तुमच्याइतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही. शुक्रवारच्या आत अपलोड करायचाय."

एवढं बोलून तो थांबला. लॅपटॉपचं झाकण त्याने थोडं मिटलं, पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. चोवीस वर्षं स्टुलावरच्या पोरांना बाई शिकवत आल्या होत्या की माणसाचे हात असे चाळवायला लागले की आता विचारायचं. त्यांनी विचारलं नाही. त्या खुर्ची मागे सारून उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी देते."

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि घरी बसून आराखडा लिहिला. बाईंसारख्या माणसाकडूनच होऊ शकेल अशी चूक त्या दिवशी झाली. दुसरं कुणी असतं तर मुद्दाम गचाळ लिहिलं असतं, टेबल कुठल्या तरी कलमात दडवून ठेवलं असतं, निदान एखादा टोमणा तरी मारला असता. बाईंनी टेबलाचा नियम पाळला: समोरचा जे म्हणाला ते, त्याच्या मनासारखं, आपलं काहीही न घालता. चार घटक चोख उतरले. तास, उद्दिष्टं, मूल्यमापन, एका जागी अडखळायला नको की दोनदा वाचायला नको. त्यात एक वाक्य होतं: 'जिन्यावरील प्रत्यक्ष सराव बंद करण्यात येत आहे.' आपल्याच हाताने आपल्या आयुष्याचं टेबल काढून टाकणारं ते वाक्य इतकं नीट साधलं होतं की लिहून झाल्यावर बाईंना, खरं सांगायचं तर, जरा बरंसुद्धा वाटलं. मग त्याची लाज वाटली.

त्यांचे यजमान श्रीधरपंत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून आराखडा वाचला. "उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे टेबल गेलं. आता घरात मी बोलतो तेही कधी ऐकशील."

"तुम्ही कधी थांबता का, ऐकायला?"

"ते बरोबर आहे," म्हणून ते शब्दकोड्याकडे वळले.

दुपारी बाई आडव्या झाल्या. पडदा वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता. डोळा लागला की नाही ते त्यांना समजलं नाही, पण टेबल त्यांना मुठा नदीत दिसलं. नदीला पाणी होतं, स्वच्छ, संथ. टेबल खुर्ची-स्टुलासकट तरंगत चाललं होतं आणि त्यावर कोंडीराम बसला होता, टोपी हातात घेऊन. काठाकाठाने माणसं चालत होती, सगळी आपापलं म्हणणं सांगत, कुणालाच घाई नव्हती. स्टूल रिकामं होतं. बाई पुलाच्या कठड्यावर उभ्या होत्या आणि त्यांना सगळ्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. कोंडीरामने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि टेबल पुलाखालून पलीकडे गेलं. पलीकडच्या कठड्याशी त्या धावत गेल्या तेव्हा खाली नुसतं पाणी होतं, ऊन पडलेलं.

उठल्यावर किती तरी वेळ त्या पडद्याकडे बघत बसल्या.

गुरुवारी सकाळी बाई डेक्कनला बरोबर उतरल्या. ओळखीचा कंडक्टर चकित झाला. "तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं. बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं की आज बसमध्ये त्यांना एकही वाक्य ऐकू आलं नव्हतं. काच होती, ऊन होतं, मांडीवर आराखड्याची फाईल होती. बाकी काही नाही. पुलावरून चालताना त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

आमोदच्या खोलीत त्यांनी आराखडा मोठ्याने वाचून दाखवला. टेबलाचं वाक्य त्यांनी इतर वाक्यांच्याच आवाजात वाचलं. मग विचारलं, "असंच?"

आमोद खिडकीतून बाहेर बघत होता. "हो," तो म्हणाला. "असंच. लगेच अपलोड करून टाकतो."

दुपारी तीन वाजता बाई जिन्याच्या वळणावर आल्या. स्टुलावर वल्लरी होती. बावीस वर्षांची मुलगी, यंदाच्या अकरा जणांपैकी. बोलायला लागली की थांबायची नाही, पण टेबलाशी आली की देवळात बसल्यासारखी बसायची. समोर कुणी नव्हतं. पाऊण तास झाला तरी कुणी आलं नाही. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता आणि त्यात वल्लरीचं पेन आडवं पडलं होतं, टोपणासकट. बाईंचे गुडघे दुखत होते. त्या हातांच्या खुर्चीत बसल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच.

वल्लरीने पाठ ताठ केली. "बोला, मॅडम."

"अगं, मी सहज बसले."

"सगळे असंच म्हणतात," वल्लरी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

बाईंना हसू आलं. बरं, तसं तर तसं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "मंडळाच्या प्रमुखांना अर्ज लिही. अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेमुळे जिन्यातलं टेबल रिकामं होत आहे. टेबल सागवानी आहे. ते भंगारात काढू नये. एखाद्या वर्गात किंवा ऑफिसात ठेवावं. खुर्चीचं वेताचं विणकाम तीन वर्षांपूर्वीच नवीन केलं आहे. स्टूल कुणालाही चालेल. पाटी मी घरी नेईन." त्या थांबल्या. "झालं."

वल्लरीने मान हलवली. तिचे डोळे मोठे झाले होते, कारण टेबल जाणार ही बातमी तिला आत्ताच, या अर्जातून कळत होती. पण तिने मध्ये तोंड घातलं नाही. तिने विचारलं, "आणखी काही?"

बाईंनी हा प्रश्न हजारो वेळा ऐकला होता. खुर्चीतून तो कसा ऐकू येतो, हे त्यांना माहीत नव्हतं. खाली दुकानात छत्रीची काडी ठोकत होते. उन्हाचा पट्टा सरकून त्यांच्या हातावर आला. वल्लरी वीस मोजत असणार, हे त्यांना कळत होतं. मग ते कळेनासं झालं, आणि नदी दिसली, नुसतं पाणी.

"मी आमोदला विचारलं नाही," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "तो मंगळवारी थांबला होता. त्याला काही तरी म्हणायचं होतं. मला दिसत होतं. आणि मी उठून गेले. मला राग आला होता गं. सगळ्या जगाला विचारायला लावलं मी, आणि ज्याला विचारायचं त्यालाच..." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आणि मला भीती वाटते. हे टेबल गेलं की मला कुणाचं काही ऐकू यायचं नाही. आज बसमध्ये काही आलं नाही. मी बसमध्ये काय ऐकू?"

बसचं काय, ते वल्लरीला मुळीच कळलं नाही. पण तिने नियमाप्रमाणे सगळं परत सांगितलं, टेबल सागवानी आहे इथपासून ते मी बसमध्ये काय ऐकू इथपर्यंत, एकही शब्द न गाळता. मग हळूच म्हणाली, "असंच, मॅडम?"

"असंच," बाई म्हणाल्या. वल्लरीने पेनाकडे हात नेला तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "लिहू नकोस. हे मला पायांनी न्यायला हवं."

आमोद लॅपटॉपसमोर बसला होता. फॉर्म उघडा होता. बाई त्याच्या समोर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आमोद, आणखी काही?"

"काही नाही, बाई. आराखडा फर्स्टक्लास आहे. एक शब्द बदलायला नको."

बाईंनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. आमोदने मग लॅपटॉपचं झाकण धरलं, थोडं मिटलं, पुन्हा उघडलं. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि नकळत ते मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं. दाराच्या फटीतून जिन्यातला उजेड आत आला होता.

"टेबल कमी करावंच लागणार आहे," आमोद शेवटी म्हणाला. त्याचा आवाज पंधरा वर्षांपूर्वी अडकला होता तसाच अडकला. "पण बाई, त्यात कुठे असं लिहिता येईल का, की ते कमी करताना..."

दोघांच्या मध्ये गोदाबाई येऊन बसली होती, बोटांत दोरा गुंडाळत.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खास आपल्या आवाजात म्हणाल्या, "गोदाबाईचा नवरा गेला होता, आमोद. आपल्या टेबलाला काय झालंय?"

आमोद हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "काही नाही झालेलं," तो म्हणाला. "एक रकाना भरता येत नाही, एवढंच झालंय."

"तू पास झालास तो कशावर? मी मार्क दिले होते का तुला?"

आमोदने थोडा विचार केला. मग आराखड्यातलं टेबल बंद करायचं वाक्य पुसलं, फॉर्मवर पाचव्या घटकाची नवी चौकट उघडली आणि लिहायला लागला. लिहिताना तो पुटपुटत होता. घटक: टेबल. कालावधी: तीन महिने. तास: साठ. मूल्यमापनाच्या रकान्यापाशी त्याची बोटं थांबली, आणि मग त्याने लिहिलं: 'लिहिण्यापूर्वी, समोरच्या व्यक्तीने सगळे ऐकून "असंच" म्हणणे. वीस व्यक्ती.'

"अर्ध्या वर्षाचे तीन महिने केलेस," बाई म्हणाल्या.

"केले. आणि हा घटक कुणी शेवटी घेतला तरी मला नाही म्हणता येणार नाही."

"शेवटी घेतील त्यांना पश्चात्ताप होईल. होऊ दे." मग त्यांना आठवलं. "ऑफिस मान्य करील?"

"माहीत नाही. विचारतील, ही काय भानगड आहे म्हणून. मग तुम्हाला पाठवीन." त्याने सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "असंच?"

"असंच."

"आणखी काही?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि उठून बाहेर आल्या. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या. मग थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "मंगळवारी विचारायला हवं होतं मी. राग आला होता."

वरून, दारातून, आमोदचा आवाज आला. "माहीत होतं, बाई. म्हणूनच सकाळपासून अपलोड केलं नव्हतं."

वळणावर वल्लरी उभी होती. हातांच्या खुर्चीत कुणी तरी म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते आणि पाटी वाचून त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. बाईंनी वल्लरीला नुसती मान हलवून बसायची खूण केली आणि त्या खाली उतरल्या. उन्हं कलली होती. पुलावरून जाताना त्यांनी कठड्याशी थांबून खाली पाहिलं. मुठेला होतं तेवढंच पाणी होतं.

बस मिळाली, खिडकीही मिळाली. कर्वे रस्ता लागला तेव्हा ऊन मांडीवर आलं, आणि कुणी तरी म्हणालं, 'ती मुकी न्हाय. जरा येळ लागतो, येवडंच.' मग दुसरं कुणी तरी बोलायला लागलं, मग तिसरं. बाईंचा थांबा आला आणि गेला. शेवटी गाडी थांबली, इंजिन बंद झालं, सगळे उतरून गेले, आणि कंडक्टर मागे येऊन त्यांच्याजवळ उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "कोथरूड डेपो."